प्लास्टिकचं कुलूप

कापूस भरलेली खोली सोडली तर आमच्या घरी कुलपाचं कोणाला कौतुक नाही. दिग्रसकडच्या आमच्या गावात माणूस दार नुसतं लोटून लग्नाला जातो. अशा घरात सगळ्यात पक्कं कुलूप निघालं ते तळहातापेक्षा लहान, प्लास्टिकचं. नाव लेन्सलॉक, म्हणजे कॉम्प्युटर गेमची चोरटी कॉपी कोणी खेळू नये म्हणून कंपनीनं खोक्यात घातलेलं घडीचं भिंग.

काका पुण्याला नोकरीत असताना त्यांनी हौसेनं घेतलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला. अख्खी मेमरी ४८ के. रोज सकाळी मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा गुलाबसुद्धा त्यात मावायचा नाही. सोबत 'एलिट' या अंतराळातल्या गेमची १९८५ ची कॅसेट. कॉपी नाही, अस्सल. इथेच घोळ आहे.

गेम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असतो. तो आवाज मशीनला नीट ऐकू यावा म्हणून टेपच्या हेडजवळचा बारीक स्क्रू पेचकसनं केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. किर्र, चीं, घर्रर्र. मधे टेप चिरकली की पुन्हा पहिल्यापासून. हे ऐकून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काऊन रे, त्या डब्ब्याचं पोट दुखून राह्यलं का?"

बरं, हे सगळं कूलर बंद ठेवून. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, पण कूलरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसतं आणि मेमरी कोरी होते. म्हणून रात्री बसावं, तर रात्रीच थ्री फेज येते आणि शिवारातले सगळे पंप एकदम सुरू होतात. ओलिताच्या पाळीनं माझं अंतराळयान किती वेळा पाडलं, त्याचा हिशेब नाही.

एवढं करून गेम लोड झाला की लेन्सलॉक. आधी स्क्रीनवर 'ओके' ही अक्षरं चिरफाळलेली दिसतात. बटणं दाबून त्यांची रुंदी भिंगाएवढी करायची, मग भिंगाची घडी उघडून त्याच्या पायांवर ते टीव्हीच्या काचेला टेकवायचं. एक डोळा मिटायचा. भिंगातल्या उभ्या पट्ट्या तुकडे जुळवून देतात. 'ओके' दिसलं की खरी दोन अक्षरं येतात, ती ओळखून टाइप करायची. मला 'एच' दिसतो, मशीनच्या मते तो 'एन' असतो. तिसऱ्यांदा चुकलं की हकालपट्टी. चला परत, किर्र, चीं, घर्रर्र. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला तर अक्षरं जुळतच नाहीत. प्रत्येक गेमचं भिंग वेगळं, आणि 'एलिट'च्या काही खोक्यांत तर कंपनीनं भलतंच भिंग घातलं होतं! पैसे मोजून आणलेल्या त्या माणसांचं काय झालं असेल, बाप्पा.

शेजारचे भाऊ हे सगळं शांतपणे बघत होते. तंबाखू मळत म्हणाले, "तुम्ही तं पैसे देऊन घेतलं म्हनता. मंग कुलूप कोनासाठी?"

याला उत्तर नाही. चोरांनी ते कुलूप तेव्हाच काढून टाकलं होतं, त्यांच्या कॉप्या बिनभिंगाच्या चालत. अडला तो विकत घेणारा.

आता कॅसेटी झिजत चालल्यात, म्हणून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवतो. तिथेही साधी टॅप फाइल पुरत नाही. तिच्यात सरळ साध्या पद्धतीनं भरलेला डेटाच बसतो, कंपन्यांनी केलेल्या आडवळणाच्या भरण्या नाहीत. टीझेडएक्स फाइलमध्ये आवाजाचे ठोके त्यांच्या लांबीसकट नोंदवता येतात, म्हणजे मालाबरोबर कुलूपही जतन होतं. भाच्यानं मग लेन्सकी नावाचा प्रोग्राम लावला. तो स्क्रीनवरची चिरफाळलेली अक्षरं आपली आपण जुळवून दाखवतो. ना स्क्रू, ना मिटलेला डोळा. गेम सुरू झाला आणि पहिल्याच स्टेशनात यान घालताना मी आपटलो.

भिंग रिकामं झालेलं पाहून आईनं ते उचललं आणि विजेच्या बिलावर धरून बराच वेळ बघितलं. आकड्याचे तुकडे इकडचे तिकडे झाले म्हणे, पण रक्कम काही कमी दिसली नाही.