‘बचत झाली’ म्हणून टाळ्या वाजवू नका

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर कात्री चालवायची आणि तेवढीच रक्कम अहवालात ‘बचत’ म्हणून छापायची, हे आता माझ्याच्यानं बघवत नाही. पालिकेची नवी इमारत उभी राहतेय, लोकांच्या कराच्या पैशातून. आणि दर आढावा बैठकीत तेच. खर्च हाताबाहेर जातोय असं कुणीतरी म्हणतं, मग बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी, परिमाणं आणि दर यांचा तक्ता, उघडतात आणि उद्घाटनाच्या फोटोत जे दिसणार नाही ते एकेक करून छाटतात. दर्शनी भागाच्या काचेला कुणी हात लावत नाही. प्रवेशद्वाराच्या दगडाला नाही. सभागृहाच्या लाकडी छताला तर नाहीच नाही.

मी अंदाजपत्रकं करतो, बिलं तपासतो. हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे कुठली बाब छाटली की पुढे काय होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्या टेबलाभोवती बसलेल्या बऱ्याच जणांनाही ते ठाऊक आहे. राग त्याचाच जास्त येतो.

गच्चीचंच बघा. मूळ अंदाजपत्रकात सगळं नीट लिहिलेलं होतं. स्लॅब साफ करायचा, पडदीला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, जिथं मिळतो तिथं गोलाई द्यायची, मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर, पडदीवर चढवून घ्यायचं, पाणी जायच्या पाइपांकडे उतार काढायचा, मेम्ब्रेनचे दोन थर, त्यावर संरक्षक काँक्रीट, आणि शेवटी गच्चीवर पाणी कोंडून चाचणी. बैठकीत दोन थरांचा एक झाला. संरक्षक काँक्रीट गेलं, म्हणजे उद्या एसीची माणसं शिडी आणि हत्यारं घेऊन थेट मेम्ब्रेनवर चालणार. आणि पाणी कोंडायची चाचणीसुद्धा गेली, कारण ‘वेळ जातो’. अहो, त्या चाचणीला लागतं काय? पाइपांची तोंडं बंद करायची, पाणी भरायचं, दोनतीन दिवस तसंच ठेवायचं आणि खालून स्लॅब बघायचा. एवढ्या मोठ्या कामात तिचा खर्च डोळ्यांत भरण्याइतकासुद्धा नाही. ती रद्द करून पैसा वाचत नाही. फक्त गळती कुठं आहे ते ठेकेदार जागेवर असताना कळत नाही, तो बिल घेऊन गेल्यावर कळतं.

आणि त्या गच्चीच्या खाली काय आहे? रेकॉर्ड रूम. जन्ममृत्यूच्या नोंदी, मालमत्तांच्या फायली, जुने नकाशे. सामान्य माणसाच्या घराचा आणि नावाचा पुरावा जिथं ठेवलाय, बरोबर त्याच्या डोक्यावरचा थर आपण कमी केला आणि टाळ्या वाजवल्या.

गळती सुरू झाली की खर्च कुठल्या खात्यातून होणार? बांधकामाच्या नाही. देखभाल-दुरुस्तीच्या. मूळ दुखणं हेच आहे. भांडवली खर्चाचा कागद एका टेबलावर, वार्षिक देखभालीचा दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणीच वाचत नाही. बांधणाऱ्याला शाबासकी मिळून जाते, सांभाळणाऱ्याच्या गळ्यात बिलं पडतात. सार्वजनिक इमारत पन्नाससाठ वर्षं तरी वापरात राहते. तेवढ्या काळात वीज, पाणी, सफाई, दुरुस्ती, लिफ्ट, वातानुकूलन यांवर जाणारा पैसा बांधकामाच्या पैशाला मागे टाकतो. तरी चर्चा फक्त पहिल्या आकड्याची.

या छाटाछाटीला वर ‘व्हॅल्यू इंजिनीअरिंग’ असं भारदस्त नाव देतात, तेव्हा तर अंगाचा तिळपापड होतो. ही पद्धत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स यांनी १९४०च्या दशकात घडवली. दुसऱ्या महायुद्धात ठरलेला माल मिळेना, म्हणून हा भाग नेमकं काम काय करतो आणि तेच काम दुसऱ्या कशानं होईल का, हे विचारायची सवय तिथं लागली. म्हणजे आधी काम ठरवायचं, मग त्याचा स्वस्त मार्ग शोधायचा. काम तसंच राहून खर्च उतरला, तर ती बचत. गच्चीचं काम पाणी अडवणं. एका थरानं ते काम अर्धवट होणार असेल तर तिथं व्हॅल्यूही नाही आणि इंजिनीअरिंगही नाही. उलट त्या दर्शनी काचेला हा प्रश्न विचारून बघा. ती काय काम करते? ऊन आत घेते, मग ते ऊन बाहेर काढायला मोठं वातानुकूलन लागतं, आणि ती पुसायला बाहेरून लटकणारी यंत्रणा लागते. तिथं भिंत वाढवून काच कमी केली असती तर बांधकामातही पैसा वाचला असता आणि पुढे दर महिन्याच्या वीजबिलातही. हा मुद्दा मी मांडला होता. ‘इमारतीची ओळख जाईल’ म्हणून तो बाजूला पडला.

आकस्मिक खर्चाच्या तरतुदीची वेगळीच तऱ्हा. ही रक्कम अनपेक्षित गोष्टींसाठी राखून ठेवलेली असते. इमारतीच्या कामात अनपेक्षित गोष्टी दोन ठिकाणी दबा धरून बसतात. एक जमिनीखाली, जिथं जमीन तपासायला बोअर, म्हणजे खोल भोकं, घेतल्यानंतरसुद्धा दोन बोअरच्या मधे काय आहे हे खोदल्याशिवाय कळत नाही. आणि दुसरी अगदी शेवटी, फॉल्स सीलिंगच्या वर, जिथं एसीचे डक्ट, स्प्रिंकलरचे पाइप, केबल ट्रे आणि बीम सगळे एकाच जागेवर हक्क सांगतात. पाया निर्विघ्न पार पडला की लगेच ‘तरतूद वापरलीच नाही, बचत झाली’ अशी घोषणा होते आणि तो पैसा कारंजं, कमान, बागेतले दिवे यांवर उधळला जातो. मग शेवटच्या टप्प्यात डक्ट बीमला अडतो, मार्ग बदलावा लागतो, आणि तिजोरीत खडखडाट. तेव्हा हेच लोक विचारतात, खर्च वाढलाच कसा?

तसाच वाढला!

निविदा कमी दरानं आली की पेढे वाटल्यासारखा आनंद होतो. पण कमी म्हणजे कशापेक्षा कमी? आणि कुठल्या बाबीत? अनुभवी ठेकेदार निविदेचे नकाशे आपल्यापेक्षा बारकाईनं वाचतो. बीओक्यूत कुठली परिमाणं चुकून कमी धरलीत ते त्याला दिसतं. समजा खडकातली खोदाई कमी दाखवलीय आणि त्याला ठाऊक आहे की खाली खडकच आहे. तो खडकाच्या खोदाईला चढा दर लावतो, मातीच्या खोदाईला पडेल दर लावतो, आणि एकूण बेरीज सगळ्यांत कमी ठेवतो. काम त्याला मिळतं. मग माती कमी निघते, खडक जास्त निघतो, आणि मोजमाप पुस्तिकेत परिमाण चढतं ते नेमकं चढ्या दराचं. हे सगळं कायदेशीर आहे बरं का. अडवायचं तर निविदा उघडल्यावर बाबवार दर तपासायचे आणि परिमाण वाढलं तर बेरीज कुठं जाते ते आधी करून बघायचं. हे दोनचार दिवसांचं कंटाळवाणं काम आहे. ते करू द्या म्हटलं तर उत्तर मिळालं, मुहूर्त चुकेल.

मुहूर्ताच्या घाईत काय होतं याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला सिडनीचं ऑपेरा हाउस. शिंपल्यांच्या आकाराच्या छताचं गणित सुटलेलं नव्हतं, तरी १९५९ साली काम सुरू केलं, कारण राजकारण्यांना थांबायचं नव्हतं. नंतर छताचं वजन ठरलं तेव्हा आधी उभे केलेले खांब त्याला पुरे पडेनात, ते पुन्हा करावे लागले. सुरुवातीचा अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, १९७३ साली इमारत उघडली तेव्हा हिशेब पोचला होता १० कोटी २० लाखांवर. ती इमारत सुंदर आहे, जगाला आवडली, मान्य. पण तो दाखला देऊन आपल्या कचेरीच्या इमारतीची ढिलाई झाकू नका.

स्कॉटलंडच्या संसदेच्या इमारतीचं तर अजून जवळचं उदाहरण आहे. १९९७ साली सांगितलेला खर्च १ कोटी ते ४ कोटी पौंड. जागा पक्की नाही, आराखडा नाही, आणि आकडा जाहीर. शेवटी खर्च झाला सुमारे ४१ कोटी ४० लाख पौंड, आणि इमारत ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिरा, २००४ साली उघडली. लॉर्ड फ्रेझर यांनी चौकशी केली तेव्हा त्यांनी कामाच्या करारपद्धतीवर बोट ठेवलं: कामाचे तुकडे पाडून एकेक ठेका द्यायचा, आराखडा सोबत सोबत पुढे सरकवायचा, आणि किंमत वाढली तर तिचा सगळा भार सरकारी तिजोरीवर. हे वाचताना मला आमचीच बैठक आठवत होती. आराखडा अर्धा, ठेका पूर्ण.

मुळात आराखडा नसताना दिलेल्या आकड्याची किंमत काय असते, हे या व्यवसायात लपलेलं नाही. खर्च-अभियंत्यांची एएसीई ही आंतरराष्ट्रीय संघटना अंदाजांचे पाच वर्ग करते. सगळ्यात सुरुवातीच्या, म्हणजे पाचव्या वर्गाच्या अंदाजात खरा खर्च शंभर टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकतो किंवा पन्नास टक्क्यांपर्यंत खाली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे शंभर म्हटलं तर पन्नासही होईल आणि दोनशेही. पण भाषणात मात्र एकच गोल आकडा सांगितला जातो, तो वर्तमानपत्रात छापून येतो, आणि मग सगळं काम त्या आकड्यात कोंबायची धडपड सुरू होते. आधी पट्टा सांगा ना. इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि आराखडा पुढे गेला की पट्टा अरुंद होईल. लोकांना कळतं. लोक दूधखुळे नाहीत.

आता बदलांबद्दल. स्लॅब पडल्यावर ‘सभागृहात आसनं थोडी वाढवा’ असा निरोप येतो. थोडी! आसनं वाढली की अग्निशमनाच्या नियमानं बाहेर पडायच्या दारांची रुंदी वाढते, एसीची क्षमता वाढते, स्वच्छतागृहं वाढतात, जिना अपुरा पडतो. नकाशावर हे बदलायला एका माणसाचे चारआठ दिवस लागले असते. स्लॅब पडल्यावर त्याच बदलासाठी काँक्रीटला कोअर मारावे लागतात, म्हणजे यंत्रानं आरपार भोकं पाडावी लागतात, सळ्या तुटतात, स्ट्रक्चरल इंजिनीअर पुन्हा हिशेब करतो, आणि सगळं ‘जादा बाब’ म्हणून निविदेबाहेरच्या दरानं मोजावं लागतं. ज्या साहेबांनी निरोप धाडला त्यांचं नाव त्या जादा बाबीच्या कागदावर कुठंच नसतं. तिथं सही असते कनिष्ठ अभियंत्याची. उद्या चौकशी लागली तर लटकणार तोच.

चौकशीवरून आठवलं. न्यूयॉर्कमध्ये सिटी हॉलच्या मागेच उभं असलेलं ट्वीड कोर्टहाउस. १८६१ साली काम सुरू, अंदाज अडीच लाख डॉलर, आणि खर्च गेला एक कोटीच्या वर. एका गिलावा करणाऱ्याला दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर दिल्याचं बिल प्रसिद्ध आहे. तो उघड भ्रष्टाचार होता, आमच्याकडे तसं काही चाललंय असं मी म्हणत नाही. मी इतकंच म्हणतो की बिल आणि प्रत्यक्ष काम शेजारी ठेवून बघणारा माणूस नसला, तर चोरी असो वा हलगर्जी, लोकांच्या पैशाचं सारखंच होतं.

खरी बचत करायची असेल तर वाटा आहेत. सगळ्यात मोठी बचत पहिल्या दिवशीच होते, किती जागा लागते हे ठरवताना. लंडनच्या महापौरांच्या कार्यालयानं २००२ साली उघडलेली टेम्सकाठची नावाजलेली इमारत सोडली आणि रॉयल डॉक्समधल्या, आधीच बांधून उभ्या असलेल्या वास्तूत बस्तान हलवलं, खर्च कमी करण्यासाठी. नवी इमारत हवीच असेल तर ज्या खिडक्यांवरची कामं आता घरबसल्या मोबाइलवर होतात त्यांच्यासाठी अख्खा मजला कशाला? हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. पण प्रत्येक खात्याला आपला मजला हवा आणि प्रत्येक प्रमुखाला आपली केबिन, म्हणून तो कुणी विचारत नाही. एक अख्खा मजला गेला असता तर मेम्ब्रेनचे दोन थर काय, चार बसवता आले असते.

आणि छाटायचंच असेल तर छाटलेल्या प्रत्येक बाबीपुढे लिहा: किती वाचले, पुढच्या वीस वर्षांत देखभालीला किती लागतील, निर्णय कुणाचा. आकस्मिक तरतुदीचा हिशेब दर महिन्याला वेगळा मांडा, आणि फॉल्स सीलिंगच्या वरची कामं पूर्ण होईपर्यंत तिच्याकडे कुणी बघूसुद्धा नका. हे मी लेखी दिलंय. उत्तर आलेलं नाही.

पुढच्या बैठकीच्या यादीत आता शाफ्टचे, म्हणजे पाइप वरखाली नेणाऱ्या उभ्या पोकळीचे, दरवाजे आहेत. पाइप दुरुस्त करायला आत शिरण्यासाठी प्रत्येक मजल्यावर एक दार, ते ‘अनावश्यक’ ठरवून भिंतच बंद करायची म्हणे. म्हणजे पहिला पाइप फुटला की घण घेऊन टाइल्स फोडायच्या. या वेळी मी गप्प राहणार नाही. निर्णय घ्यायचा तर घ्या, पण माझा विरोध इतिवृत्तात शब्दशः लिहा, आणि त्या बचतीच्या तक्त्यावर माझी सही मागायला येऊ नका.