तीनपैकी सहा

आमच्या गोल्फ कोर्सवर चौदावं होल आलं की माझ्या पोटात गोळा येतो, शाळेत गणिताच्या पेपराला यायचा तसा. पुण्याबाहेरचा छोटासा कोर्स आहे, नाव कशाला घ्या. कार्डावर लिहिलंय पार ३, म्हणजे चांगल्या खेळाडूने तीन शॉटमध्ये बॉल भोकात घालायचा, आणि अंतर २२८ यार्ड. डावीकडे ओढा, उजवीकडे वाळूचा बंकर आणि पावसाळ्यात समोरून असा वारा की टोपी उडून तेराव्याच्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) जाऊन पडते. आता माझा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी), सगळे ग्रह आपापल्या घरात असतील त्या दिवशी, घरंगळणं बिरंगळणं धरून जातो २१० यार्ड. म्हणजे जन्मातला बेस्ट शॉट मारला तरी अठरा यार्ड बाकी, आणि यांचं म्हणणं काय तर एका शॉटमध्ये ग्रीनवर या, दोन पट (putt, ग्रीनवरचे हलके फटके) करा, झाले तीन. सोप्पंय की!

खरी फजिती तर शॉटच्या आधीच सुरू होते. पार थ्री असल्यामुळे पुढचे चौघं ग्रीनवर असताना मारायचं नाही, बॉल बसेल कोणाच्या तरी टाळक्यात. माझा बॉल तिथवर पोचत नाही हे मला माहीत, कॅडीला (काठ्यांची पिशवी उचलणाऱ्याला) माहीत, त्या चौघांनाही माहीत. तरी थांबायचं, कारण न थांबता मारलं तर आपणच दवंडी पिटल्यासारखं होतं. मग ड्रायव्हर हातात धरून दहा मिनिटं गंभीर चेहऱ्याने उभं राहायचं, तोवर मागून चौघं येतात, त्यांच्या मागून अजून चौघं, लग्नातल्या बुफेसारखी लाईन लागते आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या पाठीवर. परवा असंच झालं. ग्रीन रिकामं झालं, मी जीव खाऊन मारला, आणि बॉल गवत चाटत चाटत लेडीज टीच्या (बायका पहिला शॉट मारतात त्या जागेच्या) जेमतेम पुढे जाऊन बसला. आमचे कॅडी नाना शांतपणे म्हणाले, "बरं झालं सायेब थांबलो ते. लागला असता कुनाला."

वर हँडीकॅपचं, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या जादा शॉटच्या सवलतीचं गणित. माझा हँडीकॅप २४, म्हणजे अठरापैकी सहा अवघड होल्सना दोन-दोन जादा शॉट आणि बाकीच्यांना एक-एक. पण आमच्या कार्डावर या चौदाव्याचा स्ट्रोक इंडेक्स (अवघडपणाचा नंबर, १ म्हणजे सगळ्यात अवघड) १५, म्हणजे सोप्या होल्सच्या पंगतीत! अंतर कमी म्हणून सोपं, असा हिशोब असावा. ज्याने हा आकडा लावला त्याला एकदा ऑगस्टमधल्या सकाळी इथे उभं करायला पाहिजे.

त्या दिवशी सहा झाले. घरी आल्यावर आईने टेबलावरचं कार्ड उचललं, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाली, "तीनपैकी सहा? अरे वा!" मी काही बोललो नाही. घरात कोणीतरी खूश असलेलं बरं असतं.

मग नेहमीप्रमाणे रात्री मोबाईल घेऊन बसलो, आपल्यासारखे दुःखी कुठे कुठे आहेत बघायला. हँडीकॅपच्या नियमांत पुरुषांसाठी पार थ्री २६० यार्डांपर्यंत असावं असं सुचवलंय, पण अमेरिकेतल्या ओकमाँटचं आठवं होल २०२५ च्या यूएस ओपनला शेवटच्या दिवशी चक्क ३०१ यार्डांवर लावलं होतं. आणि गंमत बघा, त्याच कोर्सचं सतरावं होल ३१० च्या आसपास, त्याला मात्र पार चार. जे. जे. स्पॉनने त्याच दिवशी सतराव्याला एका शॉटमध्ये ग्रीन गाठलं, दोन पट केले, बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी! नंतर अठराव्याला लांबलचक पट घालून ओपन जिंकला. म्हणजे तेच तीन शॉट आठव्याला केले तर नुसतं पार आणि सतराव्याला केले तर टाळ्या. फरक दहा-बारा यार्डांचा. तेव्हाच डोक्यात उजेड पडला की माझं भांडण त्या २२८ यार्डांशी नाहीच, कार्डावरच्या ३ शी आहे. तिथे ४ छापा ना बाबांनो, तोच ओढा तोच वारा, पण मी शीळ घालत घरी येईन.

तसं छोट्या पार थ्रीचं मला कौतुकच आहे. स्कॉटलंडमधल्या ट्रूनचं 'पोस्टेज स्टॅम्प' फक्त १२३ यार्ड, तरी भल्याभल्यांना रडवतं, आणि तिथेच १९७३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये जीन सॅराझनने वयाच्या ७१ व्या वर्षी होल-इन-वन केला, एकाच शॉटमध्ये बॉल भोकात. ७१ व्या वर्षी! आमच्या चौदाव्याला ७१ वर्षांच्या माणसाने करायचं काय, तर आदल्या रात्री निघायचं.

पण खरं मनाला लागलं ते बॉबी लॉकचं. उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरशचं सोळावं, 'कॅलॅमिटी कॉर्नर', आता २३६ यार्ड, उजवीकडे खोल दरी. चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकणारा हा गडी १९५१ च्या ओपनला चारही फेऱ्यांत मुद्दाम ग्रीनच्या डावीकडच्या खोलगटात बॉल टाकायचा, तिथून चिप (छोटा उचललेला शॉट), एक पट, आणि चारही फेऱ्यांत तीन. त्या खड्ड्याला आता त्याचंच नाव आहे. ज्याला पोचत होतं तो मुद्दाम बाजूला मारत होता आणि आम्ही, ज्यांना पोचत नाही, ते ड्रायव्हर परजत उभे.

पुढच्या रविवारी नानांना म्हटलं, सात नंबरची काठी द्या. नानांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. "अन् ग्रीन मोकळं व्हायची वाट?" म्हटलं नाही बघायची. पुढचे चौघं पट करत असतानाच मारला, मागच्या लाईनीत खुसफुस झाली, बॉल गेला १३० यार्ड, मधोमध. मग वेज (जवळच्या शॉटची काठी), थोडी आखूडच पडली, मग दोन पट. चार! नानांनी झेंडा परत लावताना नुसती मान हलवली, त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

घरी येऊन कार्ड मुद्दाम आईसमोर ठेवलं. तिने चष्मा लावला, चौदाव्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे काळजीने बघत म्हणाली, "मागच्या वेळी सहा होते ना रे? या वेळी चारच?"