मॅगसेसेला 'आशियाचं नोबेल' म्हणणं मी बंद केलंय

पेणमधल्या एका अभ्यासिकेत गेली अकरा वर्षं मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना चालू घडामोडी शिकवते. पुरस्कारांचा तक्ता आला की माझी ओळ ठरलेली: 'रॅमन मॅगसेसे पुरस्कार, आशियाचं नोबेल, मुख्यालय मनिला.' मुलं उतरवून घेतात आणि आम्ही पुढच्या पुरस्काराकडे वळतो. गेल्या आठवड्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, मॅगसेसे म्हणजे माणूस की गाव?" दोघंतिघं हसली. मला मात्र आतून हललं. अकरा वर्षांत हे मी एकदाही सांगितलं नव्हतं.

मग तो तास मी त्यावरच घेतला. इथेही लिहिते आहे, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती एकच ओळ पाठ असते.

रॅमन मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष. तरुणपणी बस कंपनीत मेकॅनिक होते, महायुद्धात जपान्यांविरुद्ध गनिमी काव्याने लढले, 1950 मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि 1953 ची निवडणूक जिंकली. राष्ट्राध्यक्षांच्या महालाचे दरवाजे त्यांनी सामान्य माणसांना उघडले, हे तिथली म्हातारी माणसं अजून सांगतात. 17 मार्च 1957 च्या पहाटे त्यांचं विमान सेबू बेटावरच्या डोंगरावर आदळलं. पंचवीस माणसं गेली, एक पत्रकार तेवढा वाचला. मॅगसेसे तेव्हा पन्नाशीलाही पोचले नव्हते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर ब्रदर्स फंडाने त्याच वर्षी त्यांच्या नावाने पुरस्कारासाठी पैसे दिले आणि 31 ऑगस्ट 1958 ला, त्यांच्या वाढदिवशी, पहिले पुरस्कार दिले गेले.

आता नकोशी बाजू. ती लपवून शिकवणं मला पटत नाही. मध्य लुझोनमधल्या कुळांचं हुक बंड मॅगसेसेंनी मोडलं. जपान्यांशी लढलेली हीच माणसं पुढे जमीनदारांशी लढत होती आणि नेतृत्व कम्युनिस्टांचं होतं. मॅगसेसेंच्या बाजूला सल्लागार म्हणून अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचे एडवर्ड लॅन्सडेल होते, निवडणुकीतही त्यांची मदत होती. शीतयुद्ध, अमेरिकन पैसा, कम्युनिस्टविरोधी नेता, या सगळ्यातून हा पुरस्कार जन्मला. 2022 मध्ये केरळच्या माजी आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांनी तो नाकारला, त्याच्या कारणांत मॅगसेसेंचा हा इतिहासही होता. त्या नकाराबद्दल मला आदर आहे.

पण दर ऑगस्टमध्ये व्हॉट्सअॅपवर 'सीआयएचा पुरस्कार' म्हणून जो संदेश फिरतो, त्याचा मला राग येतो. पाठवणाऱ्याने यादी उघडून पाहिलेली नसते. इंडोनेशियाचे प्रमुद्या अनंता तूर हे डावे लेखक. सुहार्तोंच्या कम्युनिस्टविरोधी राजवटीने त्यांना खटला न चालवता चौदा वर्षं डांबलं, बुरू बेटावर ठेवलं. 1995 मध्ये मॅगसेसे त्यांना मिळाला. त्यावर, 1958 मध्ये पहिल्याच वर्षी हा पुरस्कार मिळालेले त्यांच्याच देशाचे कम्युनिस्टविरोधी पत्रकार मोख्तार लुबिस इतके चिडले, की त्यांनी आपला पुरस्कार परत केला. हा सीआयएचा हुकूम असेल तर फारच उलटा हुकूम म्हणायचा. आपले संदीप पांडे 2002 मध्ये पुरस्कार घ्यायला मनिलाला गेले आणि तिथेच अमेरिकन दूतावासासमोर युद्धविरोधी निदर्शनात उभे राहिले. त्यावरून वाद पेटला तेव्हा पन्नास हजार डॉलर त्यांनी परत केले, पुरस्कार मात्र ठेवला. नोबेलच्या मुळाशी डायनामाइट आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण म्हणून कुणी नोबेल विजेत्याच्या कामावर बोट ठेवत नाही. मनिलाच्या वाट्यालाच हा हिशेब का?

आणि आम्हा रायगडकरांना तर ही यादी तोंडपाठ हवी. 1958 मध्ये भारतातून पहिला मॅगसेसे विनोबांना मिळाला, भूदानासाठी. विनोबा गागोद्याचे, म्हणजे आमच्याच पेण तालुक्यातले. दुसऱ्या वर्षी चिंतामणराव देशमुखांना, शासकीय सेवेसाठी. ते महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि 1952 मध्ये आमच्या कुलाबा (आताच्या रायगड) मतदारसंघातून निवडून गेलेले खासदार. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून 1956 मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं होतं. लागोपाठ दोन वर्षं भारताचा मॅगसेसे एकाच जिल्ह्यात आला, हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी मोबाइलमध्ये असणारी पोरंही मान वर करून ऐकत होती.

माझं मन मात्र जामखेडपाशी अडकतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर पतीपत्नी वेल्लोरला शिकून 1970 मध्ये त्या दुष्काळी तालुक्यात आले. गावागावांतून बायका निवडल्या, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित. या बायका बाळंतपण करायला शिकल्या, मूल वजनात कमी पडतंय हे ओळखायला शिकल्या, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते घरोघर सांगू लागल्या. जिच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, तिलाच रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी बोलावणं येऊ लागलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळाला. आज आशाताई दारात येतात, त्यामागे जामखेडसारख्या ठिकाणांचं काम आहे. हे काम नोबेलच्या कुठल्या खान्यात बसवणार? भौतिक, रसायन, वैद्यक, साहित्य, शांतता, अर्थशास्त्र? वैद्यकाचं नोबेल शोधाला मिळतं. इथे शोध लागलेलेच होते, ते गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचवायचे होते. म्हणूनच 'आशियाचं नोबेल' हे शब्द मला खुजे वाटतात. त्याने मॅगसेसे दुसऱ्या कुणाची तरी धाकटी आवृत्ती होऊन बसतो.

परवा त्या मुलीने वही दाखवली. नाव, वर्ष, क्षेत्र या रकान्यांशेजारी तिने पट्टीने रेघ मारून चौथा रकाना आखला होता, 'कुठे'. त्यात खाली खाली लिहिलं होतं: गागोदे, नाते, जामखेड, आनंदवन, हेमलकसा, बहादरपूर. शेवटच्या नावापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते जळगाव जिल्ह्यात, पारोळा तालुक्यात आहे, नीलिमा मिश्रांचं गाव, 2011. मी तिच्याच पेनने तिथे लिहून दिलं.