कागवाडची हद्द, मलॅडची रांग

"परराज्यातल्या लॉटरीची तिकिटं महाराष्ट्रात बंद झाली पाहिजेत. आपला पैसा आपल्या राज्यात राहिला पाहिजे." सांगलीतला माझा शाळेपासूनचा मित्र गेले दोन महिने मला फोनवर हेच ऐकवतोय. आणि गेल्या शनिवारी त्यानंच मला सांगितलं, तुमच्या अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीचा जॅकपॉट चढलाय, माझ्यासाठी दहा तिकिटं काढ, पैसे लगेच पाठवतो. मी नाही म्हटलं, दुसऱ्या दिवशी कारणंही ऐकवली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

त्याचा मुद्दा मला पटत नाही, आणि का ते सांगतो. 1998 च्या लॉटरी कायद्याच्या पाचव्या कलमानं राज्याला बाहेरची तिकिटं अडवता येतात, हे खरं. पण पुढच्याच वर्षी बी. आर. एंटरप्रायझेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्या राज्याची स्वतःची लॉटरी चालू आहे, त्याला दुसऱ्याची बंद करता येणार नाही. बंद करायची तर आधी आपली करा. तमिळनाडूनं 2003 मध्ये केली, कर्नाटकानं 2007 मध्ये. महाराष्ट्राची मात्र 1969 पासून चालू आहे. आपला गल्ला उघडा ठेवायचा आणि शेजाऱ्याचा तेवढा बंद पाडायचा, याला मी राज्याचा अभिमान म्हणणार नाही. मिरजेत ज्याचा पगार तिकिटात गेला, त्याच्या घरात तो मुंबईला गेला काय आणि कोहिमाला गेला काय, चूल तेवढीच थंड राहते.

मिरजेत एसटी स्टँडजवळ माझ्या काकांचा लॉटरीचा स्टॉल होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं बसायचो. दोरीला चिमट्यांनी लावलेली तिकिटं, सिक्कीम, नागालँड, आणि वरच्या ओळीत आपलं महाराष्ट्राचं. निकालाचा कागद आला की माणसं तिकिटावर बोट ठेवून आकडे मागून पुढं जुळवत यायची. शेवटचा जुळला, त्याच्या आधीचा जुळला, की बोट थांबायचं आणि कुणी बोलायचं नाही.

तेव्हा एक आकडी लॉटरीचे, म्हणजे एकाच आकड्यावर बक्षीस देणाऱ्या लॉटरीचे, दिवस होते. रेल्वेत गँगमन असलेला एक माणूस रोज यायचा. एकदा त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि उलगडून काकांपुढं ठेवली. बायकोची कर्णफुलं होती. एका कर्णफुलाची फिरकीही नव्हती, घाईत काढलेली असावीत. काकांनी पुडी तशीच बांधून त्याच्या हातात दिली आणि तिकीट दिलं नाही. तो काही न बोलता पलीकडच्या स्टॉलवर गेला. तिथं त्याला मिळालं.

एक आकडी पुढं 1998 च्या कायद्यानं बंद झाली, ते फार बरं झालं. पण राज्याच्या हद्दीवर तिकीट अडवायचं कुणी म्हटलं की मला तो पलीकडचा स्टॉल दिसतो. कर्नाटकात बंदी आल्यावर कागवाड, शेडबाळ, उगारची माणसं म्हैसाळवरून मिरजेला यायला लागली. काकांना कानडी येत होतंच. त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तर ते दिवसभर तेच बोलत होते.

इथं अमेरिकेत वेगळं काय आहे? मी राहतो त्या युटाच्या राज्यघटनेतच लॉटरीला मनाई. म्हणून जॅकपॉट फुगला की आय-15 वरून दीड तास उत्तरेला, आयडाहोतल्या मलॅडला. (मुंबईचं मालाड नव्हे.) गॅस स्टेशनच्या दारातून निघालेली रांग पार्किंगला वळसा घालते आणि बहुतेक नंबरप्लेटा युटाच्या असतात. आमच्या वॉर्डातला एक भला माणूस मला तिथं दिसला. मला बघून त्यानं मान खाली घातली, तेव्हा मला वाईट वाटलं. नेव्हाडात तर पावलोपावली कॅसिनो, पण लॉटरी नाही, मग लास वेगासची माणसं कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर जाऊन उभी राहतात. तेही कशासाठी, तर 29 कोटी 22 लाखांत एक अशा संधीसाठी.

हद्दीपलीकडं तिकिटं नेण्याविरुद्ध इथला केंद्राचा कायदा 1895 चा आहे. पॅराग्वेच्या लॉटरीची पेटीभर तिकिटं डॅलसहून कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला धाडली म्हणून खटला झाला आणि 1903 मध्ये तो कायदा पाच विरुद्ध चार मतांनी टिकला. एवढं करून 1964 मध्ये न्यू हॅम्पशायरनं स्वतःची लॉटरी काढली, बाकीची राज्यं मागोमाग आली. आता पाचच राज्यं उरली आहेत. सरकारी तिकिटांपुरती कायद्यात सवलतही झाली. दुसऱ्या राज्यातल्या माणसासाठी तिकीट काढून देण्याचा धंदा मात्र अजून गुन्हा आहे.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. शिवाय लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परकीय चलन पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या 2000 सालच्या नियमांत सरळ मनाई आहे, हेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मर्दा, अथणीला मामाला तिकिटं नेत होतास तेव्हा कुठला कायदा आठवला होता?"

मी नेली होती, हे खरं आहे. कर्नाटकातल्या बंदीनंतर दोन वेळा, पिशवीत भडंगाच्या पुड्यांखाली ठेवून, एसटीनं. कागवाडला गाडी थांबली तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं. अलीकडं काका, पलीकडं मामा. दोन्ही बाजूंना मला ओळखणारी माणसं होती, कुणी धरलं असतं तर कुणाचा तरी ओळखीचाच निघाला असता. इथं बारा वर्षं झाली, ग्रीन कार्डाची रांग संपत नाही. मागं पोलिसाची गाडी आली की वेग बरोबर असला तरी माझा हात स्टिअरिंगवर घट्ट होतो. त्यानं तिकिटं मागितली तेव्हा मला फेमा आठवला नव्हता. मला भीती वाटली होती. नियम मी फोन ठेवल्यावर शोधले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ऐकवले.

मुद्दा माझा तोच आहे. बंद करायची तर महाराष्ट्राची लॉटरीसुद्धा बंद करा, मी तुझ्याबरोबर सही करायला येतो. पण त्याला मी सांगितलेलं कारण खरं नव्हतं. हे सांगायला आज रविवारी सकाळी नऊला फोन केला. सांगलीत रात्रीचे साडेआठ वाजले होते, तो जागाच असणार. पूर्ण रिंग वाजली. आता जेवण झाल्यावर पुन्हा लावतो, म्हणजे तिकडं पहाट होईल आणि तो फिरायला आयर्विन पुलावर निघालेला असेल.