लॅपटॉप बंद पडल्याने फाईल्स जात नाहीत, त्या नंतर घालवल्या जातात

जूनमध्ये लालबागच्या एक ताई लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. त्या घरी दहावीचे क्लास घेतात, मराठी माध्यमाचं गणित. नऊ वर्षांत बनवलेल्या सराव प्रश्नपत्रिका त्या लॅपटॉपमध्ये होत्या. एका संध्याकाळी निळा पडदा आला आणि त्यानंतर लॅपटॉप सुरू होईना. ताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज वाचला, भाच्याला बोलावलं आणि मेसेजमध्ये लिहिलं होतं तसं केलं. माझ्या टेबलावर आला तेव्हा लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. विंडोज नवी कोरी, आणि आत एकही प्रश्नपत्रिका नाही.

तो मेसेज मलाही चार ग्रुपवरून आला आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: लॅपटॉप सुरूच होत नसेल तर हार्ड डिस्क उडाली समजा. पाणी गेलं असेल तर २४ तास तांदळात ठेवा. डिस्क टकटक करत असेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. विंडोज नव्याने टाका, डेटा नंतर फ्री सॉफ्टवेअरने परत येतो. नाहीच जमलं तर डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावा, फाईल्स दिसतील. आणि काही झालं तरी सगळं क्लाउडवर असतंच.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तिथल्या एका गल्लीत मी २००४ पासून दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. या सहा सल्ल्यांमुळे गेलेला डेटा मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून एकेक घेतो.

पहिला मुद्दा, 'सुरू होत नाही म्हणजे डिस्क उडाली'. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. लॅपटॉप सुरू व्हायला चार्जर, बॅटरी, मदरबोर्ड, रॅम, डिस्प्ले, डिस्क आणि शेवटी विंडोज, इतक्या जणांनी आपापलं काम करावं लागतं. यातला एकजण रुसला तरी तुम्हाला दिसतो तो एकच काळा पडदा. पण तुमच्या फाईल्स फक्त डिस्कवर असतात. बोर्ड शॉर्ट झाला, डिस्प्लेची केबल तुटली, रॅम ढिली झाली, तरी फोटो आणि हिशेब होते तिथेच असतात.

१९ जुलै २०२४ आठवून बघा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं एका दिवसात निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली. डिस्क कुणाचीच उडाली नव्हती. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरती विंडोज चालू करून, एक फाईल काढली की मशीन उठत होतं. 'सुरू होत नाही' याचा अर्थ इतका किरकोळही असू शकतो.

त्यामुळे आधी दोष कुठे आहे ते पाहावं. चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा बघा. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, पण पडदा काळा, असं असेल तर मशीन बहुधा जिवंत आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अंधूक चित्र दिसलं तर गेलाय तो मागचा प्रकाश. विंडोज येत नाही पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, डिस्कचं नाव दिसतंय, तर डिस्क निदान हाकेला ओ देते आहे. अशा वेळी चांगल्या मशीनवर बनवलेला लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिम) पेन ड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता, फाईल्स बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. ताईंच्या बाबतीत नेमकं हेच शक्य होतं. ज्या डिस्कवर भाच्याने अर्ध्या तासात विंडोज चढवली, ती उडालेली नव्हतीच. अर्धा तास आधी तीच डिस्क कुणी वाचायला घेतली असती तर प्रश्नपत्रिका मिळाल्या असत्या. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत.

तांदळाचं लवकर आटोपतो. तांदूळ बोर्डाच्या खालचं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पूड पोर्टमध्ये जाते. ॲपलने २०२४ मध्ये भिजलेल्या आयफोनसाठीसुद्धा तांदूळ नको असं लिहून ठेवलं आहे. नुकसान करतात ते पाण्यातले क्षार आणि चालू असलेली वीज. चहा सांडला तर आणखी साखर आणि दूध. ताबडतोब बंद करा, चार्जर काढा, उलटा धरा, जमत असेल तर मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन काढा, आणि 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबू नका. बोर्ड अल्कोहोलने धुणं हे पुढचं काम दुरुस्तीवाल्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कुर्ला-कालिन्यातून चिखलाने भरलेली मशीनं आमच्याकडे आठवडाभर येत होती. लोकांनी ती उन्हात वाळवून आणली होती. तबकडीची डिस्क, म्हणजे आत फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क, पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर ती वाळवायचीच नाही. गाळ तबकडीवर सुकून घट्ट बसतो. ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्या लॅबकडे द्यायची, तीही एकदाही वीज न देता.

फ्रीजरचा सल्ला कुठून आला ते मला ठाऊक आहे. फार जुन्या डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीला चिकटून बसायचं, थंडीने धातू आकसला की कधीकधी सुटायचं, आणि माणूस घाईघाईने चार फाईल्स काढून घ्यायचा. आजच्या डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि खाली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते. डिस्कच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, 'हे झाकू नका' असं शेजारी छापलेलं. आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. गारठलेली डिस्क पावसाळ्यातल्या मुंबईच्या हवेत बाहेर काढा, थंड पाण्याच्या तांब्यासारखी ती घामेजते. तोच दमटपणा आत तबकडीवर बसला आणि तुम्ही वीज दिली, तर हेड पाण्याच्या थेंबावर आपटतं. टकटक आवाज म्हणजे बहुतेक वेळा हेड दुखावलं आहे. प्रत्येक वेळी चालू केलं की तबकडीवर नवा ओरखडा पडायची शक्यता. ती बंद करून तशीच ठेवणं, हा घरच्या घरी करता येण्यासारखा एकच इलाज. ती उघडायची तर धूळमुक्त खोलीतच, आणि ते काम आमच्या गल्लीतल्या टेबलावर होत नाही, माझ्याही नाही.

आवाज करत नाही पण फार हळू वाचते, अशी डिस्क असेल तर तिच्यावर चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन, चालवू नका. चेकडिस्कला फाईल सिस्टिम सुसंगत करायची असते, तुमच्या फाईल्स वाचवायच्या नसतात. त्यासाठी ती डिस्कवर लिहिते. आम्ही डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते आधी चांगला भाग उचलून घेतं, अडणारी जागा नंतरसाठी ठेवतं, आणि सगळी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. शोधाशोध त्या नकलेवर करायची.

आता चौथा सल्ला. ताईंचं नुकसान याने केलं. 'विंडोज टाका, डेटा नंतर परत येतो' हे तबकडीच्या डिस्कच्या काळातलं अर्धसत्य आहे. त्या डिस्कवर फाईल पुसली की फक्त नोंद जायची, मजकूर जागेवर राहायचा, आणि त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत काढता यायचा. तेव्हाही नवी विंडोज वीसेक जीबी लिहायची आणि तेवढी जागा कायमची जायची. शिवाय रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेणारे होतेच.

एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, वागणं वेगळं आहे. फॉरमॅट मारलं की विंडोज डिस्कला ट्रिम नावाची सूचना देते, म्हणजे हे हे खण आता रिकामे धरा. मग डिस्क आपल्या सवडीने ते खण आतून साफ करते. नुसती वीज चालू असली तरी हे काम होत राहतं. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे आणि गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपांत एसएसडीच असते. ताईंची डिस्क मी वाचली तेव्हा विंडोजच्या फाईल्स सोडल्या तर बाकी सगळीकडे शून्य, शून्य, शून्य. अशा डिस्कवर कुठलंही सॉफ्टवेअर चालवा, पैसे भरून घेतलेलंसुद्धा, त्याला वाचायला काही उरलेलंच नसतं.

यातच आपल्याकडची एक जुनी सवय भर घालते. 'डेटा डी मध्ये आहे ना? मग सी ला फॉरमॅट मारतो,' हा दुकानातला नेहमीचा संवाद. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं सी मध्येच असतं, आणि आजकालच्या लॅपटॉपांत अनेकदा डी नसतोच. 'डेस्कटॉपवर आहे' म्हणणाऱ्या माणसाला आपण सी बद्दल बोलतोय हे माहीत नसतं, आणि माहीत नसणं हा त्याचा दोष नाही. विचारणं हे दुरुस्तीवाल्याचं काम आहे. विंडोज फॉरमॅट न करता वरून टाकली गेली असेल तर मात्र सी मध्ये 'विंडोज.ओल्ड' नावाचा फोल्डर बघा. जुन्या फाईल्स त्यात असू शकतात, आणि दहा दिवसांनी विंडोज तो आपणहून काढून टाकू शकते.

फाईल्स काढताना फक्त वर्डच्या फाईल्स उचलू नका. गिरगावातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका वीस वर्षांची इतिवृत्तं घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. 'अहो, सगळी अक्षरं इंग्रजी कचरा झाली.' ती इतिवृत्तं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारा, मजकूर नव्हे. फॉन्ट नसला की वाचता येत नाही. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधून फॉन्ट आणले तेव्हा ठराव पुन्हा मराठीत दिसले. टॅलीचा डेटा, आउटलुकच्या मेलची फाईल, ब्राउझरमधले बुकमार्क, हेही असेच वेगळ्या जागी असतात.

'डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावा' हा सल्ला पूर्वी मीच देत असे. अजूनही जुन्या लॅपटॉपला तो लागू आहे: अडीच इंची डिस्क काढा, यूएसबी केसिंगमध्ये घाला, कॉपी करा. एम.टू पट्टी, म्हणजे च्युइंगमच्या पट्टीसारखी एसएसडी, असेल तर ती साटा जोडणीची आहे की एनव्हीएमई ते बघून तसं केसिंग घ्या. पण नव्या मशीनांत डिस्क लावल्यावर फाईल्सऐवजी बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, कुलूप दिसतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. लोक म्हणतात, 'मी तर कधी कुलूप लावलंच नाही.' खरं आहे, त्यांनी नाही लावलं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉग इन केलं की अनेक लॅपटॉपांत ते आपोआप लागतं, आणि २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून घरगुती 'होम' प्रकारातसुद्धा सर्रास. मदरबोर्ड बदलला तरी हीच की मागतात, बायोसमध्ये सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) हलवलं तरीही.

की बहुधा तुमच्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. फोनवरून लॉग इन करा, आपल्या उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की बघा, आणि पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळतात का ते तपासा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटी विभागाकडे. ज्या मुलाने पाच वर्षांपूर्वी लॅपटॉप सेट करून दिला त्याच्या अकाउंटमध्येही ती सापडलेली आहे. की नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही मी काही करू शकत नाही, आणि 'करतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. २०१८ पासून आलेल्या मॅकबुकांत तर साठवण बोर्डालाच डकवलेली आणि त्याच बोर्डावरच्या चिपला बांधलेली असते. तिथे काढायला डिस्क नाही. डेटा हवा तर तोच बोर्ड चिप लेव्हलला जिवंत करावा लागतो. म्हणून मॅकचा बोर्ड बदलायला होकार देण्याआधी हे विचारून घ्या.

क्लाउडचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह फुकट देतं ५ जीबी, गूगल १५. जागा भरली की नवीन फाईल्स वर जाणं थांबतं, आणि सूचना कोपऱ्यात येऊन जाते. शिवाय हे सिंक आहे, दोन्हीकडे एकसारखं ठेवणं: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. म्हणून सगळं तिथे असेलच असं धरू नका. पण आपल्या फाईल्स आणखी कुठे आहेत का ते बघायला हवं, दर वेळी, आणि नुसत्या क्लाउडमध्ये नव्हे.

ताईंकडे क्लाउड नव्हता. मी त्यांना विचारलं, 'ताई, हे पेपर लॅपटॉपबाहेर कधी गेले होते का? कुणाला पाठवले?' त्या म्हणाल्या, 'दादा, छापायला फक्त. गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाला आहे, त्याच्या मेलवर.' आम्ही ताईंच्या मेलचा सेंट बॉक्स उघडला, त्यात २०२१ पासूनचे पेपर मिळाले. त्याआधी त्या पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जायच्या. झेरॉक्सवाल्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर, लग्नपत्रिका आणि आधार कार्डांच्या ढिगात, ३७ पीडीएफ निघाल्या. त्याने कधी काही पुसलंच नव्हतं. त्या पीडीएफमधली गणितं बदलता येत नाहीत, म्हणून ताई सध्या रोज रात्री एक पेपर पुन्हा टाइप करत आहेत. मागच्या आठवड्यात बाराव्यापर्यंत आल्या होत्या.