केटलानुं?

संक्रांतीला आमच्याकडे उत्तराण म्हणतात आणि तिच्या दुसऱ्या दिवसाला वासी उत्तराण. वासी उत्तराणीच्या दुसऱ्या दिवशी बडोद्यात कुणाचीच मान सरळ नसते. दोन दिवस पतंगांपायी आकाशाकडे बघून ती मागच्या मागे अडकलेली असते, दोन्ही तर्जन्यांना पट्ट्या असतात आणि ऑफिसच्या डब्यात उंधियु असतो, तिसऱ्या दिवसाचा. १६ जानेवारी २०२५ च्या गुरुवारी मी अशाच अवस्थेत दांडिया बाजारातल्या घरी परतलो आणि चपला काढतानाच फोन थरथरायला लागला. निंटेंडो या जपानी कंपनीने नवा स्विच दाखवला होता, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र.

माझं वय एकेचाळीस. या वयात माणसाने सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर मतं द्यावीत. मी आठ वर्षं एका खेळण्याच्या धाकट्या भावाची वाट बघत होतो. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण पहिला स्विच मी अधिकृतरीत्या चिरंजीवांसाठी आणला होता. तेव्हा चिरंजीव चार वर्षांचे होते आणि त्यांना त्याच्या खोक्याशी खेळायला आवडायचं.

पट्ट्या बांधलेल्या बोटांना फोन ओळख देईना. शेवटी चिरंजीवांनीच तो व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि सगळं घर समोर येऊन बसलं, शेजारच्या काकांसकट. काका आमच्याकडे पेपर वाचायला येतात आणि पेपर सोडून सगळं बघतात.

व्हिडिओ जेमतेम सव्वादोन मिनिटांचा. जुना स्विच येतो, त्याच्या बाजूचे दोन जॉयकॉन, म्हणजे हातात धरायचे बटणांचे दांडे, सुटतात, अंगाने भरतात, काळे पडतात. मधला पडदा रुंदावतो आणि ते जॉयकॉन खट् करून त्याला चिकटतात. पूर्वी ते खाचेतून वरून खाली सरकवावे लागायचे, आता लोहचुंबक. मग दोन्ही जॉयकॉन आडवे होऊन उंदरांसारखे इकडून तिकडे पळतात. शेवटी साल दिसतं, २०२५. किंमत नाही. बाकीचं २ एप्रिलला सांगू, म्हणे.

पहिलं मत आईने दिलं. "हे तर आपल्याकडे आहे."

"अगं, हे नवीन आहे."

"मग जुन्यासारखं का दिसतंय?"

आईला कल्पना नव्हती, पण त्या संध्याकाळी जगभरचे गेमर याच एका वाक्यावर हमरीतुमरीवर आले होते. अर्धे म्हणत होते, बरं झालं, चांगलं चाललेलं मोडलं नाही. उरलेले म्हणत होते, आठ वर्षं थांबून हे? मी पहिल्या पार्टीत. कंपनीचं आधीचं हसं मला पाठ होतं. वी हे यंत्र दहा कोटींच्या वर खपलं, तेव्हा पुढच्याचं नाव ठेवलं वी यू. लोकांना वाटलं, आहे त्यालाच लावायचं काहीतरी जोडकाम असेल. ते दीड कोटीही गेलं नाही. म्हणून या खेपेला सरळ दोनचा आकडा टाकला. हे सगळं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे दुसरं."

"हो."

"पहिलं बिघडलंय का?"

बायकोचं मत एका शब्दाचं होतं: "सुजलंय." खरं म्हणजे पडदा सहा पूर्णांक दोन इंचांवरून सात पूर्णांक नऊ इंचांवर गेला होता आणि जाडी तेवढीच होती, पण हे आकडे एप्रिलमध्ये कळले. आणि बायको बोलताना माझ्या पोटाकडे बघत होती, त्यामुळे मी वाद वाढवला नाही.

चिरंजीवांची नजर घारीची. होमच्या बटणाखाली एक चौकोनी बटण होतं आणि त्यावर काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. पुढचे अडीच महिने आम्ही दोघं त्या बटणावर जगलो. मला वाटायचं, पडदा टीव्हीवर पाठवायचं असेल. चिरंजीव म्हणायचे, खेळ मागे नेऊन मेलेला परत जिवंत करायचं असेल.

काका सगळं होईस्तोवर गप्प होते. मग त्यांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला आणि म्हणाले, "केटलानुं?" म्हणजे, कितीला?

जगातला एवढा एकच प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर त्या व्हिडिओत नव्हतं.

मला मात्र आठवत होता २० ऑक्टोबर २०१६. तेव्हाचा पहिला व्हिडिओ. एक गृहस्थ टीव्हीवर खेळतोय, कुत्र्याला फिरवायची वेळ होते, तो यंत्र खोबणीतून उचलतो आणि बागेत जाऊन पुढे खेळतो. मला ही कल्पना फार जवळची वाटली होती. आम्ही बडोद्याचे मराठी लोकही असेच आहोत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की गुजराती, आणि खेळ कुठे थांबत नाही. त्याच व्हिडिओत एक मुलगी आपला स्विच घेऊन गच्चीवरच्या पार्टीला जाते. जग त्या मुलीला हसलं. पार्टीला कोण असं यंत्र नेतं?

मी नेलं होतं. २०१८ ची उत्तराण, वारा पडलेला, पतंग मिनिटभर चढत नव्हते. गेंडीगेटवर उभं राहून रंगवून आणलेली दोरी फिरकीवर नुसती पडून होती. मी खाली जाऊन स्विच आणला आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर उभा केला. दुपारी बाराचं ऊन. पडद्यावर मला फक्त माझं तोंड दिसत होतं, त्यामागे काकांचं, आणि त्यामागे काकूंचं. काकूंनी केस नीट केले. तेवढ्यात वारा सुटला, चारही बाजूंनी "लपेट, लपेट" झालं आणि मी दोरीकडे धावलो. परत आलो तेव्हा आईने यंत्र आडवं करून त्यावर तिळगुळाचं ताट ठेवलं होतं. सपाट होतं, म्हणाली.

त्या यंत्राच्या खेळाच्या चिपेवर, पोरांनी गिळू नये म्हणून, डेनाटोनियम बेंझोएट नावाचं जगातलं अतिकडू द्रव्य लावलेलं असतं. ही गोष्ट वाचून ज्यांनी चिप जिभेला लावून बघितली नाही, त्यांना मी गेमर मानत नाही. कारल्याच्या रसात क्विनीन कालवल्यासारखं. दोन श्रीखंडाच्या वाट्या खाल्ल्या तरी चव मागे उभीच. दर गुढीपाडव्याला कडुनिंबाचं पान तोंडात धरून मी तेव्हापासून हसतमुख असतो.

तर २०२५ च्या पाडव्यानंतर तीनच दिवसांनी २ एप्रिल आला. तासाभराचा कार्यक्रम, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. बटणाचा उलगडा झाला. त्यावर सी हे अक्षर होतं आणि ते दाबलं की खेळता खेळता मित्रांशी गप्पा मारता येणार होत्या. चिरंजीवांचा चेहरा पडला. आई म्हणाली, "गप्पा मारायला बटण? ओट्यावर जा की." मग मी तिला गप्प करायला सांगितलं की ही कंपनी १८८९ साली क्योटोत पत्ते बनवण्यासाठी निघाली. हा माझा घोडचुकीचा क्षण. आईचा चेहरा उजळला. "मग पत्ते बनवत नाहीत आता?" बनवतात, म्हटलं. "मग तेच मागव."

किंमत: ४४९ डॉलर ९९ सेंट. मी मनात पंच्याऐंशीने गुणलं आणि अडतीस हजारांच्या वर आल्यावर गुणाकार थांबवला. बायकोने विचारलं, "कितीला?" आणि मी म्हटलं, "जुन्याच्याच भावात." जुना तीनशे डॉलरचा होता, त्या वेळचे वीसेक हजार. हे उत्तर देताना मी अमूक एक आकडा बोललो नाही, याचं मला आजही समाधान आहे.

आपल्याकडे हे यंत्र कंपनी स्वतः विकत नाही. पण बडोद्याच्या दर तिसऱ्या घराचं एक माणूस न्यू जर्सीत असतं, आमची मामेबहीण आहे. ताईला फोन केला. ती म्हणाली, डिसेंबरात येतेय, घेऊन येते. आणि त्याच २ एप्रिलला ट्रम्पसाहेबांनी आयातशुल्काचा तक्ता झळकवला. ४ तारखेला कंपनीने अमेरिकेतली आगाऊ नोंदणी पुढे ढकलली.

पुढचे वीस दिवस मी, शेतकरी आभाळाकडे बघतो तसा, व्हिएतनामकडे बघत होतो. व्हिएतनामवर ४६ टक्के, चीनवर आणखी. यंत्रं तिकडेच तयार होणार. ऑफिसात चहाच्या वेळी मी आपण होऊन व्हिएतनामचा विषय काढायचो. साहेब एकदा म्हणाले की यांना जागतिक अर्थकारणाची चांगली जाण आहे, आणि मला निर्यातीच्या फाइली दिल्या. २४ एप्रिलला नोंदणी सुरू झाली, त्याच किमतीत. फाइली अजून माझ्याकडेच आहेत.

५ जूनला ते बाजारात आलं. पहिल्या चार दिवसांत जगभरात पस्तीस लाख गेले, त्यातला एकही बडोद्याकडे निघाला नाही. आमचा डिसेंबरात आला, ताईच्या बॅगेत, दोन थर्मलच्या मधे. आईने हातात घेऊन तोलला. "अर्धा किलोच्या वर आहे," ती म्हणाली. जॉयकॉन लावून पाचशे चौतीस ग्रॅम. खंडेराव मार्केटात चाळीस वर्षं भाजी घेतलेला हात आहे.

परवाच्या उत्तराणीला दुपारी वारा पडला. चिरंजीव विचारता विचारता तो घेऊन अगाशीवर आले. मी ताटं आधीच लांब ठेवली होती. काकांनी जॉयकॉन खट् करून काढला, खट् करून लावला, पुन्हा काढला. पाच-सहा वेळा. मग चष्मा पुसला.

"केटलानुं?"

बायको शेजारीच बोरं निवडत होती. तिचा हात थांबला.

"वीस हजार," मी म्हटलं.

"बस? वीसज?" काकांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला, रबर लावलेलं पुडकं काढलं, अंगठा ओला करून चाळीस नोटा मोजल्या आणि माझ्या पट्टी बांधलेल्या हातात ठेवल्या. "तो भाई, एक मारा माटे पण मंगावी आपो."