ओले चित्र

जलरंगात निसर्गचित्रे काढणाऱ्या माणसाचा निसर्गाशी तंटा सौंदर्यावरून नसतो, वाळण्यावरून असतो. एप्रिलमध्ये वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर बसावे, तर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खाली ओढत आणेपर्यंत वरचा भाग खडखडीत वाळतो आणि निरभ्र आकाशात एक आडवी रेघ उमटते. बघणारे तिला विजेची तार समजतात आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

जुलैमध्ये ताम्हिणी घाटात नेमके उलटे. तिथे दगड, माझा सदरा आणि तीनशे ग्रॅमचा जाडजूड, महागडा कागद हे सारे सारखेच ओले असतात. डोंगराचा हिरवा रंग आकाशात चढतो, धबधबा दरी सोडून झाडीत शिरतो आणि वाट पाहून पाहून शेवटी कागद चहाच्या टपरीतल्या चुलीपाशी न्यावा लागतो. टपरीवाल्या मावशींनी पापड भाजावा तसा तो दोन्ही बाजूंनी सराईतपणे फिरवला आणि परत देताना म्हणाल्या, "दादा, ढग जरा करपला बघा." त्या चित्रातला सर्वांत पावसाळी ढग तोच आहे.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने 1821 आणि 1822 साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांची कितीतरी चित्रे केली आणि अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवली. निम्मे चित्र हवाच काढते हे त्याने ओळखले असावे. मीही आता मागे लिहितो: ताम्हिणी, दुपार, वारा नैर्ऋत्येचा, चूल मध्यम.

"मग तैलरंग का नाही वापरत?" असे हितचिंतक विचारतात. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या कथिली नळीचे पेटंट घेतल्यापासून तैलरंग रानात नेणे सोपे झाले, हे खरे. पण रंगवलेले चित्र परत आणण्याचे काय? ते वाळायला कित्येक दिवस लागतात आणि एसटी पहिल्या दोन थांब्यांतच भरते. पांढराशुभ्र सदरा घातलेल्या एका काकांनी आग्रहाने माझा कॅनव्हास आपल्या शेजारी ठेवून घेतला, कलेच्या दुरवस्थेबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आणि डुलकी लागताच ते त्यावरच रेलले. पौडला ते उतरले, तेव्हा गाडीतल्या सगळ्यांना ताम्हिणीची दरी दिसत होती, त्यांना सोडून.